दोन ब्रँडच्या कॅमेऱ्यांचा ऑटोफोकस कसा तपासायचा: सेटिंग, चाचण्या आणि मोजणी

कॅनन, सोनी, निकॉन यांच्यापैकी कुणाचा ऑटोफोकस चांगला, या प्रश्नावर वाद भरपूर होतात, पण बहुतेक तुलनांमध्ये खरं मोजलं जातं ते कारखान्यातून आलेलं सेटिंग आणि पुढे लावलेली लेन्स. एका कॅमेऱ्याला ‘फोकस बसल्याशिवाय शटर सोडू नको’ असं सांगितलेलं असतं, दुसऱ्याला ‘काहीही होवो, फ्रेम घे’ असं. मग पहिला अचूक ठरतो आणि दुसरा वेगवान, आणि दोन्ही निष्कर्ष मेनूतल्या एका ओळीने उलटू शकतात. खाली दिलेली पद्धत दोन बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा), एक ट्रायपॉड, एक फोन आणि पळायला तयार असलेला एक माणूस एवढ्यावर चालते. एक पूर्ण दिवस मात्र हाताशी ठेवा.

आधी जाहिरातीतले आकडे बाजूला काढा

फोकस पॉइंटांची संख्या तुलनेला निरुपयोगी आहे. सोनी ए९ मध्ये ६९३ पॉइंट, निकॉन झेड९ मध्ये ४९३, आणि कॅनन आर५ मध्ये ५,९४० निवडण्याजोग्या जागा. कॅननच्या ड्युअल पिक्सेल पद्धतीत (ही २०१३ साली ७०डी मध्ये आली) प्रत्येक पिक्सेल दोन भागांत विभागलेला असतो, त्यामुळे फोकसची चौकट जवळपास कुठेही ठेवता येते आणि जागांचा आकडा फुगतो. सोनी आणि निकॉन फोकससाठी सेन्सरवर ठरावीक ठिकाणी वेगळे पिक्सेल राखून ठेवतात. तिघांची मोजायची एककंच वेगळी आहेत.

मंद उजेडाच्या आकड्याचंही तसंच. कॅनन आपला उणे ईव्हीचा (ईव्ही म्हणजे उजेडाची पातळी; आकडा जितका लहान तितका अंधार जास्त) आकडा बहुधा एफ/१.२ लेन्स धरून देतं, सोनी एफ/२ धरून. या दोन अपर्चरमध्ये (लेन्सच्या छिद्राच्या मापांत; आकडा लहान तितकं छिद्र मोठं) जवळजवळ दीड स्टॉपचा फरक आहे; एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. म्हणजे माहितीपत्रकात एकाकडे उणे ६ आणि दुसऱ्याकडे उणे ४ दिसलं तरी प्रत्यक्षातली तफावत अर्ध्या स्टॉपच्या आसपासच उरते.

शिवाय हा आकडा कुणाच्या उपयोगाचा आहे, तेही पाहायला हवं. उणे ४ ईव्ही उजेडात एफ/२ आणि १/२५० सेकंद ठेवून बरोबर एक्स्पोजर हवं असेल तर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) सुमारे १६ लाख लागेल. चालता-बोलता माणूस टिपणाऱ्याच्या वाट्याला असा उजेड येतच नाही; तो ट्रायपॉडवर रात्रीचं आकाश टिपणाऱ्याच्या कामाचा. माणसांची छायाचित्रं काढणाऱ्याने ईव्ही ० ते ४ या पट्ट्यात कॅमेरा कसा वागतो ते तपासावं.

लेन्स: इथेच निम्मा निकाल लागतो

फोकस कुठे न्यायचा हे बॉडी ठरवते, पण काच हलवते लेन्सची मोटर. जुनी, जड काच ओढणारी मोटर असेल तर उत्तम बॉडीही उशिरा पोहोचते. दोन ब्रँडची तुलना करताना म्हणूनच शक्य तिथे तीच लेन्स वेगवेगळ्या माउंटमध्ये (बॉडीला लेन्स जोडायची खाच) घ्या. एपीएस-सी (लहान सेन्सरच्या) बॉडींसाठी सिग्माची ५६ मिमी एफ/१.४ ही सोयीची लेन्स आहे. ती सोनी ई, फुजीफिल्म एक्स, निकॉन झेड आणि कॅनन आरएफ या चारही माउंटला मिळते. फुल फ्रेममध्ये (३५ मिमी फिल्मएवढा मोठा सेन्सर) टॅमरॉनची ३५-१५० मिमी एफ/२-२.८ सोनी आणि निकॉन दोन्हींसाठी आहे.

यात एक खोच आहे. त्रयस्थ कंपनीची लेन्स लावली की सोनीच्या ए१ सारख्या बॉडी सलग फोकस करत असताना सेकंदाला १५ फ्रेमवर थांबतात. स्वतःची लेन्स असेल तर पुढे जातात. त्यामुळे ‘सारखी लेन्स’ ही चाचणी बॉडीची मूळ समज तपासायला घ्या, आणि ‘प्रत्येकाची स्वतःची उत्तम लेन्स’ ही दुसरी चाचणी प्रत्यक्ष कामाचा अंदाज यायला. दोन्हींचे निकाल एका तक्त्यात मिसळू नका.

सेन्सरचा आकार वेगळा असेल तर फोकसला मिळणारी सूटही वेगळी असते. फुल फ्रेमवर ८५ मिमी एफ/१.८ ने २ मीटरवरचा चेहरा टिपला तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम ६ सेंटिमीटरचा असतो. मायक्रो फोर थर्ड्सवर (एपीएस-सीपेक्षाही लहान सेन्सर) तेवढीच चौकट आणि तेच एफ/१.८ ठेवलं तर हा पट्टा दुप्पट होतो, आणि चुकलेला फोकसही झाकला जातो. फोकसची अचूकता तपासायची असेल तर मोठ्या सेन्सरची लेन्स थोडी बंद करून पट्टा सारखा करा. फक्त हाती किती चांगली चित्रं लागतात एवढंच पाहायचं असेल तर दोन्ही लेन्स पूर्ण उघड्या ठेवा. कुठली निवड केली ते नोंदवून ठेवा.

मेनू एका पातळीवर आणणं

दोन्ही बॉडी आधी पूर्ण रिसेट करा, फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा आणि आवृत्तीचा क्रमांक लिहून ठेवा. हा केवळ सोपस्कार नाही. सोनी ए९ २०१७ साली आला आणि त्याचं रिअल-टाइम ट्रॅकिंग (हलत्या वस्तूला धरून राहणं) २०१९ च्या फर्मवेअर ५.० मधून मिळालं. एकाच बॉडीच्या आधीच्या आणि नंतरच्या निकालांत मोठा फरक पडला. निकॉन झेड९ ला २०२३ मध्ये आणि झेड८ ला २०२४ मध्ये पक्ष्यांसाठीचा वेगळा पर्याय फर्मवेअरमधूनच मिळाला.

सगळ्यांत महत्त्वाचं सेटिंग म्हणजे सलग फोकसमध्ये शटरला प्राधान्य की फोकसला. निकॉन झेड बॉडी मुळात शटरला प्राधान्य देतात, सोनी मधला समतोल पर्याय ठेवतं. दोन्हीकडे फोकसला प्राधान्य लावून एक फेरी घ्या आणि शटरला प्राधान्य लावून दुसरी. एवढ्या एका बदलाने किती फरक पडतो ते आधी आपल्याच कॅमेऱ्यावर पाहून घ्या.

दुसरं सेटिंग ट्रॅकिंग किती चिवट असावं याचं: मध्ये कुणी आडवं आलं तर कॅमेऱ्याने आधीच्या माणसाला धरून राहावं की नव्या वस्तूकडे वळावं. इथे कंपन्यांच्या पट्ट्या चक्क उलट्या आहेत:

- सोनी: १ म्हणजे चिकटून राहणारा, ५ म्हणजे चटकन वळणारा.
- निकॉन: १ म्हणजे चटकन वळणारा, ५ म्हणजे थांबून पाहणारा.
- कॅनन आर५, आर६ पिढी: उणे बाजूला चिवट, अधिक बाजूला चपळ.
- फुजीफिल्म: ० ते ४, आकडा जितका मोठा तितका जास्त वेळ थांबणारा.

दोन्ही कॅमेऱ्यांवर ‘४’ लावून तुलना केली, तर सोनी पळपुटा आणि निकॉन चिवट दिसणार हे ठरलेलंच. आकडा जुळवू नका, वागणूक जुळवा. सुरुवात दोन्हीकडे मधल्या पायरीपासून करा.

मग बटण न दाबताही सतत फोकस करत राहणारी सोय बंद करा. सोनी आणि फुजीफिल्ममध्ये तिला प्री-एएफ म्हणतात, कॅननमध्ये प्रिव्ह्यू एएफ. ती चालू राहिली तर बटण दाबण्याआधीच काच जागेवर पोहोचलेली असते आणि वेगाची मोजणी खोटी पडते. फोकससाठी लागणारा मदतीचा दिवा बंद ठेवा. लेन्सवर फोकसचा पल्ला मर्यादित करणारा स्विच असेल तर तो दोन्हीकडे सारखा ठेवा. बॅटरी पूर्ण भरलेली, कार्ड रिकामं, लेन्सपुढचा फिल्टर काढलेला, लेन्सचे संपर्कबिंदू कोरड्या कापडाने पुसलेले. डळमळीत संपर्कामुळे होणारं हंटिंग (फोकस शोधत काच पुढे-मागे होणं) लोक बिनदिक्कत ब्रँडच्या नावावर खपवतात.

पहिली चाचणी: स्थिर वस्तू

जाडसर छपाईचा मजकूर असलेला कागद भिंतीला सपाट लावा. कागदाच्या शेजारी, त्याच पातळीवर मध्य येईल अशी एक पट्टी ४५ अंशांत तिरकी ठेवा. फोकस कागदावर करायचा, पट्टीवर नाही. तिरक्या पट्टीवरच चौकट ठेवली तर चौकटीत जवळचे-लांबचे दोन्ही आकडे येतात आणि कॅमेरा त्यातला कोणताही धरू शकतो. मग ती चूक कॅमेऱ्याची ठरत नाही.

कॅमेरा ट्रायपॉडवर, अंतर २ मीटर, लेन्स पूर्ण उघडी, एकच लहान चौकट. दर शॉटआधी फोकस हाताने एकदा अगदी जवळ, एकदा अगदी लांब न्या आणि मग बटण दाबा. असे २० शॉट. सगळ्या चित्रांत पट्टीवरचा सारखाच आकडा सर्वांत स्पष्ट आला तर कॅमेरा सातत्यपूर्ण आहे. तो आकडा दर वेळी पुढे किंवा दर वेळी मागे असेल तर बॉडी-लेन्सच्या जुळणीत ठरावीक चूक आहे. डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांत) फोकसचा सेन्सर वेगळा असल्याने ही चूक सर्रास दिसते आणि मेनूतल्या सूक्ष्म दुरुस्तीने काढता येते. मिररलेसमध्ये फोकस मुख्य सेन्सरवरच होत असल्याने ती क्वचित उरते. जवळून आल्यावर एक आकडा आणि लांबून आल्यावर दुसरा येत असेल, तर मोटर लक्ष्याच्या अलीकडेच थांबते आहे असं समजा.

वेग मोजण्यासाठी फोनवर आवाज रेकॉर्ड करा आणि फाइल ऑडॅसिटीसारख्या प्रोग्राममध्ये उघडा. बटणाची ‘टक’ आणि शटरचा आवाज, दोन्ही लहरींत वेगळे दिसतात आणि मधलं अंतर मिलिसेकंदात मोजता येतं. आधी मॅन्युअल फोकसवर मोजा. तो नुसत्या शटरचा वेळ. मग ऑटोफोकसवर, काच अगदी जवळच्या टोकाला नेऊन आणि बटण एका दमात पूर्ण दाबून मोजा. दोन्हींतली वजाबाकी म्हणजे फोकसला लागलेला वेळ. झेड८, झेड९ यांना मेकॅनिकल शटर नाही, त्यांना ही पद्धत लागू पडत नाही. तिथे बोट आणि मागचा पडदा एकत्र दिसतील असा २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ घ्या. एक फ्रेम सुमारे ४ मिलिसेकंद. पडद्याचा स्वतःचा उशीर त्यात मिसळतो, म्हणून तुलनेतला दुसरा कॅमेराही याच पद्धतीने मोजा.

जाता जाता आणखी एक तपासणी, दोन मिनिटांची. पांढऱ्या कागदावर फक्त आडव्या काळ्या रेघा काढा आणि त्यावर फोकस करून पाहा. सेन्सरवर बसवलेले बहुतेक फेज डिटेक्शन पिक्सेल (लेन्सच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रकाशाची तुलना करून फोकस ठरवणारे) एकाच दिशेतला फरक ओळखतात: उभ्या रेघेवर फोकस झटकन बसतो, आडव्या रेघेवर घुटमळतो. कॅमेरा ९० अंशांत वळवला की लगेच बसतो. ओएम सिस्टमच्या ओएम-१ आणि कॅनन आर१ यांना दोन्ही दिशा कळतात. खिडकीच्या आडव्या पट्ट्या, जिने, क्षितिज असं काही वारंवार टिपत असाल तर हा फरक रोज जाणवेल.

दुसरी चाचणी: अंगावर धावत येणारा माणूस

खरा कस इथे लागतो. बाजूने पळणारी व्यक्ती सोपी असते, तिचं अंतर फारसं बदलत नाही. अवघड ती थेट लेन्सकडे येणारी. आणि अवघडपणा अंतरागणिक झपाट्याने वाढतो: वेग तोच असला तरी लेन्समधल्या काचेला सरकावं लागणारा वेग अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. २४ मीटरवर जो वेग लागतो त्याच्या सोळापट ६ मीटरवर लागतो. शेवटच्या दोन-तीन पावलांत सगळ्या कॅमेऱ्यांची दमछाक होते ती यामुळे.

फुल फ्रेमवर ७०-२०० मिमी एफ/२.८ घ्या, २०० मिमीवर ठेवा, एफ/२.८, शटर १/१६००, आयएसओ ऑटो. या लेन्सचा स्पष्टतेचा पट्टा १० मीटरवर सुमारे ४२ सेंटिमीटर आणि ६ मीटरवर १५ सेंटिमीटर असतो. ८५ मिमी एफ/१.८ वापरली तर १० मीटरवर पट्टा जवळपास दीड मीटरचा होतो आणि साधारण कॅमेराही उत्तम वाटू लागतो. अपर्चर बंद करून ही चाचणी घेऊ नका. एक तर चुका झाकल्या जातात, दुसरं म्हणजे काही बॉडी बंद अपर्चरवरच फोकस करतात आणि त्यांना उजेड कमी पडतो.

जमिनीवर २५, १० आणि ६ मीटरवर खुणा करा. धावणारा ताशी १८ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सेकंदाला ५ मीटर, सरळ रेषेत येईल. अंगात ठळक नक्षीचा शर्ट असावा, कोरा पांढरा किंवा काळा नको. २५ पासून ६ मीटरपर्यंत जवळजवळ ४ सेकंद लागतात. सेकंदाला १० फ्रेमने ३८ च्या आसपास फ्रेम मिळतात. दोन्ही कॅमेऱ्यांवर आधी १० फ्रेमच ठेवा. कमाल वेगाची फेरी नंतर, स्वतंत्र.

या वेगाने येणारा माणूस दोन फ्रेममध्ये अर्धा मीटर पुढे सरकलेला असतो. म्हणजे तो आत्ता कुठे आहे हे कळून भागत नाही. शटर उघडेल तेव्हा कुठे असेल, याचा अंदाज कॅमेऱ्याला आधीच बांधावा लागतो. स्टॅक्ड (थरांत बनवलेल्या, वेगवान) सेन्सरच्या बॉडी पुढे जातात ते याच कामात. सेन्सर लवकर वाचला जातो म्हणून फ्रेमच्या मधल्या वेळेतही अंतराची मोजणी चालू राहते. ए९ सेकंदाला ६० वेळा ती करतो, २०२१ चा ए१ १२० वेळा. एकाच ब्रँडच्या स्टॅक्ड आणि साध्या बॉडीतला फरक दोन ब्रँडमधल्या फरकापेक्षा मोठा निघू शकतो. ए१ ची गाठ मधल्या किमतीच्या निकॉनशी घालून ‘सोनी जिंकलं’ म्हणणं अन्यायाचं आहे.

प्रत्येक कॅमेऱ्यावर किमान दहा धावा घ्या, आणि एकाच्या दहा संपवून दुसऱ्याच्या दहा असं नको. पहिला, दुसरा, दुसरा, पहिला असा क्रम फिरवा. दुपारपर्यंत उजेड बदलतो, धावणारा थकून हळू होतो, आणि मागाहून आलेल्या कॅमेऱ्याला सोपा पेपर मिळतो. भर उन्हात तापलेल्या डांबरावर ही चाचणी घेऊ नका. तिथली हवा थरथरते, लांबच्या फ्रेम मऊ येतात आणि दोष फोकसवर जातो. सकाळची गवताची जागा उत्तम.

पाच धावा मधल्या लहान चौकटीने घ्या, पाच पूर्ण क्षेत्रातल्या ट्रॅकिंगने. पहिल्यात कॅमेऱ्याची अंतराची समज कळते, दुसऱ्यात माणूस ओळखून धरून ठेवण्याची. एखादा कॅमेरा पहिल्यात चांगला आणि दुसऱ्यात कच्चा निघाला, तर त्याचा फोकस चांगला आहे, ओळख कमकुवत आहे. त्याच्यावर लहान चौकटीने काम करायला शिकलात तर तो उत्तम साथ देईल. लोक असे कॅमेरे नाहक विकून टाकतात.

तिसरी चाचणी: ओळख आणि अडथळे

माणसाने चष्मा लावावा, मान वळवावी, पाठ फिरवून पुन्हा समोर यावं. मध्ये एक जण आडवा चालत जावा. मग फांद्यांच्या किंवा जाळीच्या मागून चेहरा टिपा. नोंद अशी ठेवा: डोळा सुटल्यावर चौकट चेहऱ्यावर गेली, धडावर गेली की मागच्या भिंतीवर? आणि परत डोळ्यावर यायला किती फ्रेम गेल्या? सोनी ए७आर फाइव्हपासून पुढच्या बॉडी माणसाच्या शरीराची ठेवण ओळखतात, म्हणून पाठ फिरली तरी डोकं धरून राहतात. असं काही तुमच्या कॅमेऱ्यात आहे का, ते या फेरीत कळतं.

पडद्यावरच्या चौकटीवर विश्वास ठेवू नका. हिरवी चौकट डोळ्यावर आणि फोकस मात्र पापणीच्या केसांवर किंवा कानावर, हे फार वेळा होतं. निकाल चित्र मोठं करूनच ठरवा.

पक्षी, प्राणी, वाहन यांची ओळख तपासताना पर्याय स्वतः निवडा. काही बॉडींत आपोआप ओळखण्याची सोय असते, काहींत नसते; एकीकडे आपोआप आणि दुसरीकडे नेमका पर्याय, अशी तुलना करू नका.

मंद उजेड

खोलीत एकच दिवा ठेवून तो हळूहळू लांब न्या. उजेड मोजायला कॅमेऱ्याचाच मीटर पुरतो: आयएसओ १००, एफ/२ वर ४ सेकंद दाखवले तर ईव्ही ०, १ सेकंद दाखवला तर ईव्ही २, १/४ सेकंदाला ईव्ही ४. प्रत्येक पातळीवर दहा वेळा फोकस करा: किती वेळा बसला, किती वेळा बसल्याचं सांगून चुकला, किती वेळा हात टेकले. मधला प्रकार सर्वांत घातक, कारण फोटो काढणाऱ्याला तो घरी गेल्यावर कळतो. दोन्हीकडे पडद्यावर एक्स्पोजरचा परिणाम दाखवण्याचं सेटिंग सारखं ठेवा; पडदा काळोखा दाखवला जात असेल तर काही बॉडींचा फोकसही त्याच काळोख्या प्रतिमेवर चालतो. एलईडीच्या लुकलुकीने घोळ होतो, म्हणून साधा बल्ब वापरा.

फ्रेम मोजायच्या कशा

आधी फाइलींची नावं बदला, म्हणजे तपासणाऱ्याला कॅमेरा कळणार नाही. हे टाळलं तर आवडत्या ब्रँडच्या मऊ फ्रेमही ‘चालतील’मध्ये जमा होतात. सगळी चित्रं एकाच आकाराची करा, उदाहरणार्थ २४ मेगापिक्सेल. ६१ मेगापिक्सेलचं चित्र शंभर टक्के मोठं करून पाहिलं तर बारीकशी चूकही मोठी दिसते. मग तीन ढीग: नेमकं, थोडं मऊ पण वापरता येईल, बाद.

बाद फ्रेममध्ये काय घडलं तेही पाहा. शर्ट मऊ आणि पुढचं किंवा मागचं गवत स्पष्ट असेल तर फोकस चुकला. सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसत असेल तर शटर स्पीड कमी पडला. अशा फ्रेम कॅमेऱ्याच्या खात्यावर टाकू नका.

टक्केवारीबरोबर सेकंदाला मिळालेल्या नेमक्या फ्रेमही लिहा. एक कॅमेरा २० फ्रेम घेतो आणि ७० टक्के नेमक्या येतात: सेकंदाला १४. दुसरा १० घेतो, ९५ टक्के नेमक्या: साडेनऊ. एकच निर्णायक क्षण हवा असलेल्याला पहिला उपयोगी, निवडायला वेळ नसलेल्याला दुसरा. १० मीटरच्या अलीकडचे आणि पलीकडचे आकडे वेगळे ठेवा, कारण लांबच्या सोप्या फ्रेम जवळचं अपयश झाकतात.

शंभर फ्रेमच्या मोजणीत ९० टक्के आले तर खरं उत्तर सहज सहा टक्के इकडे-तिकडे असू शकतं. एका धावेतल्या फ्रेम एकमेकींवर अवलंबून असतात, एकदा सुटलेला फोकस पुढच्या पाच-सहा फ्रेमही नेतो, त्यामुळे अनिश्चितता याहून जास्तच. ९० आणि ९३ म्हणजे बरोबरी. ९३ आणि ७५ मात्र दहा धावांत सारखे दिसत राहिले तर तो फरक खरा माना.

व्हिडिओ

व्हिडिओत सर्वांत वेगवान फोकस हाच सर्वांत चांगला असं नाही. २ आणि ४ मीटरवर दोन माणसं बसवा, फोकस एकाकडून दुसऱ्याकडे न्या आणि तो थेट जातो की पुढे जाऊन मागे येतो ते पाहा. मग एकाच माणसावर मिनिटभर चालू ठेवून मागची पार्श्वभूमी धडधडते का ते तपासा. पॅनासॉनिकच्या जुन्या बॉडींत ही धडधड दिसायची. त्या वापरत असलेल्या कॉन्ट्रास्ट पद्धतीला (चित्र किती स्पष्ट झालं ते पाहून फोकस लावणं) योग्य दिशा कळण्यासाठी काच पुढे-मागे हलवून पाहावी लागते. २०२३ च्या एस५ टू पासून त्यांनी फेज डिटेक्शन आणलं, तेव्हा पॅनासॉनिकबद्दलचं जुनं मत नव्या बॉडीला लावू नका. फोकस सरकण्याचा वेग सोनीत १ ते ७ आणि कॅननमध्ये उणे ७ ते अधिक २ असा असतो. तो प्रत्यक्ष सेकंद मोजून जुळवा.

नवं फर्मवेअर आलं की सगळं पुन्हा करायची गरज नाही. पूर्ण क्षेत्रातल्या ट्रॅकिंगच्या पाच धावा आणि आडवा माणूस जाण्याची चाचणी, एवढ्या दोन पुरतात. स्थिर वस्तूवरची अचूकता आणि मोटरचा वेग फर्मवेअरने क्वचितच बदलतो, पण लेन्स बदललीत तर तीच चाचणी आधी घ्या.